जित्ती घोडी

सोसायटीचा गटसचिव बंकट चारा-छावणीत आला तेव्हा बन्सी बैलाच्या कानातले गोचीड काढीत बसला होता. खरं तर गोचीड सकाळीच काढून झाले होते. पण ह्या दुष्काळात माणसाला हाताला कामच उरलं नव्हतं, म्हणून तो नसलेले गोचीड काढीत होता.

"बन्सी, चेअरमननं तुला बोलवलंय," बंकट म्हणाला. "म्हंजी बोलवलं न्हाई. सांगितलंय."

"काय?"

"केजच्या सडकंखाली नाल्यात घोडी पडलीय. वास यायलाय. टँकरची टाकी तिथून जवळ हाय. तर ते जरा बघायचं."

"काय बघायचं?"

बंकट आपल्या चपलेकडं पाहत म्हणाला, "बघायचं म्हंजी... हलवायचं."

"चेअरमनचा जेसीबी हाय की."

"त्यो गुंतलाय."

"मग मी बी गुंतलोय," बन्सी म्हणाला आणि त्याने बैलाचा दुसरा कान उलटा केला.

शेण भरणारी त्याची बायको चतुराबाई पाटी टेकवून उभी राहिली. बन्सीचा आजा आश्रुबा गावची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि घरात पाणी पिण्याच्या आधी त्याने ओढायचा दोर अंगणात जाळला. तेव्हापासून त्या घरातल्या कुणी मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता. गावानेही हे मान्य केलं होतं. म्हणजे दर मेलेल्या ढोराच्या वेळी एकदा विचारून बघायचं आणि नाही म्हटलं की मान्य करायचं, अशी पद्धत पडली होती.

"बंकटभाऊ," चतुराबाई म्हणाली, "घोडी मेलीय असं कुणी सांगितलं?"

"वास यायलाय ना."

"वास तर तुमच्या हापिसातनं बी येतो."

बंकट हसला. पगार सोसायटीचा असला तरी हसणं त्याचं स्वतःचं होतं.

बन्सी उठला. "बघून येतो. वढायला न्हाई. नुसतं बघायला."

नाला कधीचाच आटला होता. तळाच्या वाळूत घोडी आडवी पडली होती. पांढरी. आयाळीला गुलाबी रंग लावलेला, तो आता उडालेला, आणि शेपटीत चमकीचा एक दोरा अडकलेला. वरातीची घोडी. मागच्या उजव्या पायात, खुराच्या वरच्या सांध्याला, पायबंदाची दोरी मांसात घुसून दिसेनाशी झाली होती. तिच्यावर माशांचा थर होता. पाय मुसळासारखा सुजला होता. बरगड्या दुरून मोजता येत होत्या. बन्सी तोंडाला उपरणं लावून वर उभा राहिला आणि मग त्याला दिसलं की कान हलला.

वारा नव्हता. कान पुन्हा हलला.

बन्सीला झालेला आनंद जनावरांवरच्या प्रेमाचा होता असं म्हणता येणार नाही. जित्तं जनावर ओढायला कुणी कुणाला सांगू शकत नाही, ह्याचा तो आनंद होता. त्याने जागेवरूनच फोन लावला. "बंकट, जित्ती हाय."

"मग?"

"मग काय. हे वढायचं काम न्हाई."

फोन ठेवून तो परत निघाला आणि थोडा वर चढून थांबला. आज जित्ती होती. उद्या बंकट पुन्हा येणार, पुन्हा चपलेकडं बघणार. तो खाली उतरला, वाळूत बसला, परत उठला. शेवटी कमरेचा विळा काढून त्याने पायबंदाची दोरी कापायला घेतली. दोरी निघाली तशी तिच्याबरोबर पू आला, आळ्या आल्या. घोडीने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं आणि परत टाकली.

चतुराबाई घागर घेऊन आली तेव्हा तो घोडीच्या पोटाखाली खांदा घालून तिला उठवू पाहत होता.

"काय करायलाव?"

"उठवायलोय. छावणीत न्यायची."

"छावणी ढोरांची हाय."

"मग ही काय चेअरमन हाय?"

चतुराबाईने घागर घोडीच्या तोंडाशी धरली. घोडी पडल्या पडल्याच प्यायली. अर्धं पाणी वाळूत गेलं. "दोन बैलं, एक गाय, त्येंचंच पोट भरंना. अन् मेली म्हंजी? तवा ती आपल्या दाव्याला मेलेली असंल. कुणाला सांगत्याल वढायला?"

बन्सीने घोडीच्या पोटाखालची वाळू हाताने उकरली.

"सगळा गाव म्हणंल, आश्रुबाच्या नातवानं वढलीच शेवटी. सोताची म्हणून वढली. इतकी वर्सं न्हाई म्हणलो ते सगळं त्या नाल्यात."

"म्हणून तर मरू द्यायची न्हाई," बन्सी म्हणाला. "लाव हात."

तिने शिव्या देत हात लावला. शिव्या घोडीला होत्या की नवऱ्याला हे तिने वेगळं केलं नाही. घोडी तीन पायांवर उभी राहिली, थरथरली, पडली, परत उठली. नाल्यापासून छावणीपर्यंत यायला त्यांना दुपार झाली. एवढ्या वेळात शेजारच्या युसूफ वडगावला जाऊन बाजार करून येता आलं असतं.

छावणी सोसायटीच्या गोडाऊनमागच्या माळावर होती. फाटकावर मोठा फ्लेक्स होता. त्यावर हात जोडलेले चेअरमन सुंदरराव होते आणि त्यांच्या गुडघ्याशी एक गाय होती. गाय जरा लहान आली होती. आत दावणीच्या रांगा होत्या, शेवऱ्यांचे मांडव होते, शेणाचा, उसाच्या वाढ्यांचा आणि माणसांचा एकच वास होता. छावणीत जनावराच्या कानाला बिल्ला लागायचा. बिल्ला असेल त्याला वैरण.

"घोडी नियमात न्हाई," बंकट म्हणाला. "बैल, गाय, म्हैस, वासरू. घोडा लिवलेलाच न्हाई."

"बांधायला बी नियम लागतो?"

"बांध की. खायला लागतो."

म्हणून घोडीने बैलांच्या वाट्यातलं खाल्लं. बैलांनी ते मनाला लावून घेतलं. डावा बैल तिच्याकडे असा बघायचा की जणू तिला सोयरिकीत फसवून आणलंय. बन्सीने मागच्या निवडणुकीतला एक जुना फ्लेक्स गोडाऊनमागून काढून मांडवावर टाकला. घोडीला सावली झाली. सुंदरराव त्यात उलटे आले होते, पण सावलीला त्याने फरक पडला नाही.

जनावरांना लस टोचायला केजचे डॉक्टर आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला, मग रुमाल खिशात ठेवून खाली बसले. चिमट्याने आळ्या काढल्या, जखम धुतली, मानेत इंजेक्शन दिलं.

"कुणीतरी पायबंद घालून ठेवली अन् पाय सुजल्यावर सोडून दिली," ते म्हणाले. "आता रोज धुवायचं. कोमट पाणी, मीठ. माश्या बसू द्यायच्या नाहीत. हळूहळू चालवा, पण पाऊस पडेपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही. आत हाडापर्यंत गेलंय. वजन आलं तर पाय जाईल, अन् घोड्याचा पाय गेला म्हणजे घोडंच गेलं."

"रोज धुवायचं," चतुराबाई म्हणाली. "पाणी बी इंजेक्शनातनं मिळतंय का, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी बॅग बंद केली.

टँकरचं पाणी माणसांना आणि बिल्लेवाल्या जनावरांना होतं. चतुराबाई पहिल्या दिवशी कढईत कडुलिंबाचा पाला उकळून घोडीच्या पायापाशी बसली तशी शेजारच्या दावणीची छबुबाई कमरेवर हात ठेवून आली. तिची म्हैस होती आणि तोंड होतं. दोन्ही छावणीत प्रसिद्ध.

"काय गं चतुरा, मानसाला घोटभर न्हाई अन् तू घोडीचं पाय धुवायलीस? जावयाचं बी एवढं कुणी धुवत न्हाई."

"जावई लंगडा असता तर धुतलं असतं, मावशी."

"टँकरचं हाय का?"

"माज्या आंघोळीचं हाय."

छबुबाईने नाक जवळ आणून खात्री केली आणि गेली. ते खरं होतं. चतुराबाईने आपली आंघोळ घोडीच्या पायावर काढली आणि मग नवऱ्याचीही काढली. आठवडाभराने बन्सी जवळ आला की माणसं घोडीच्या बाजूला सरकून बसू लागली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या झाल्या. सीताफळाचा पाला वाटून वाटून चतुराबाईच्या बोटांना हिरवा रंग बसला. जखमेला हात लागला की घोडी कातडी थरथरवायची, पण लाथ मारायची नाही. तिला लाथ मारायला दुसऱ्या पायावर उभं राहावं लागलं असतं आणि तेवढा भरवसा तिला कुठल्याच पायाचा नव्हता.

सूज उतरू लागली, पण बन्सीला चैन पडेना. घोडी रवंथ करीत नव्हती.

जनावर आजारी पडलं की रवंथ थांबतं आणि रवंथ सुरू झालं की जनावर वाचलं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून तो वैरण टाकून झाली की घोडीच्या तोंडासमोर उकिडवा बसायचा आणि जबड्याकडे बघत राहायचा. घोडी खायची, मग थांबायची आणि त्याच्याकडे बघायची. मग तो उठून फेरी मारून यायचा, परत बसायचा. बसायची नाही ती घोडी. दिवसभर उभी, ह्या पायावरून त्या पायावर. तिच्याबरोबर बन्सीही.

बातमी छावणीभर गेली. माणसं कामं नसल्यामुळे वेळेवर जमली. कुणी म्हणालं, ओव्याचा काढा द्या. कुणी तिच्या पोटाला कान लावला. कुणी जबडा फाकून हात घातला आणि बोट चावून घेतलं. चेअरमन सुंदररावही फेरीला आले होते. सोसायटीच्या चेअरमनला कुठल्याही विषयावर मत नसणं शोभत नाही.

"पेंड चारा," ते म्हणाले. "रवंथ सुटंल."

"पेंड कुठली, आण्णा?" बन्सीने विचारलं.

"ते तुमी बघा. मी उपाय सांगितला."

डॉक्टर दुसऱ्यांदा आले तेव्हा बन्सीने पायाआधी जबडा दाखवला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले.

"घोडा रवंथ करत नसतो."

ज्याने पोटाला कान लावला होता तो मागे सरकला.

"कधीच?" छबुबाईने विचारलं.

"कधीच नाही."

"म्हंजी खाल्लं की खाल्लं. परत इचार न्हाई." तिने पदर सावरला. "चेअरमनवानी."

चतुराबाई खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन हसू लागली. त्या उन्हाळ्यात ती हसलेली बन्सीने पहिल्यांदाच पाहिली. त्याला मात्र राग आला होता. "मग हिला बरं वाटायलंय हे वळखायचं कशावरनं?"

"खूर टेकते का बघा. सगळा खूर."

तेव्हापासून बन्सी खुराकडे बघू लागला. आधी घोडी नुसतं टोक टेकवायची, तापलेल्या तव्याला हात लावावा तसं. मग अर्धा खूर. बन्सी तिला दावणीच्या रांगेतून वर-खाली चालवायचा आणि चतुराबाई मागून वाकून बघत यायची. वैरण ओढणाऱ्या माणसांना वाटायचं, हिचं काहीतरी हरवलंय. जखमेत लाल मांस भरलं, कडेने पातळ कातडी धरली. एका सकाळी बन्सी पाटी घेऊन आला तर घोडी चारही पायांवर सरळ उभी होती आणि डाव्या बैलाच्या वाट्यातलं खात होती. बन्सीने पाटी खाली ठेवली, उचलली, परत ठेवली. काय करावं ते त्याला सुचेना. त्याने जाऊन छबुबाईच्या म्हशीमागचं शेण काढलं.

त्याच आठवड्यात सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली. ज्यांची जनावरं छावणीत होती त्यांनी अर्ज मागे घेतले आणि ज्यांची नव्हती त्यांना सोसायटीत रस नव्हता. सुंदरराव परत चेअरमन झाले. मिरवणूक काढायचं ठरलं, आणि छावणीतूनच, म्हणजे शेतकऱ्यांच्या मधून.

सुंदरराव स्वतः दावणीवर आले. त्यांनी घोडीच्या पाठीवर थाप मारली. घोडीचं अंग खालपर्यंत हललं.

"बन्सी, चांगली सुधरिवली बे. परवा धुऊन ठिव. मिरवणुकीला बसतो म्हणतो."

"आण्णा, डॉक्टर म्हणले वजन न्हाई घालायचं. पाऊस पडूस्तर."

"डॉक्टर सरकारी हाय. घोडी सोसायटीची."

"सोसायटीची कशी काय?"

"मग खाल्लं कुणाचं तिनं?"

बैलांनी खाल्लं नाही ते तिने खाल्लं, असं बन्सीच्या मनात आलं. पण बैलही त्याच छावणीत होते. तो म्हणाला, "बरं."

चतुराबाईने सगळं ऐकलं. ती पाटी उचलून शेण भरायला गेली. बन्सीला ते जास्त लागलं. तो दिवसभर फिरत राहिला. दाव्याची गाठ सोडली, परत मारली. बन्सीच्या लग्नात घोड्यावरून वरात काढायचा विषय निघाला होता. गावातली चार मोठी माणसं घरी येऊन चहा पिऊन गेली आणि मग तो विषय निघाला नाही. वरात पायीच झाली, लवकर झाली. ते आज का आठवावं हे त्याला कळेना.

"जातो अन् सांगून येतो," तो म्हणाला. "सरळ सांगतो, न्हाई जमायचं म्हणून."

सोसायटीच्या हापिसात गर्दी होती. तो दारात उभा राहिला. सुंदरराव फोनवर होते. फोन संपला, दुसरा आला. बन्सीने एकदा "आण्णा" म्हटलं. सुंदररावांनी हात वर केला. त्याचा अर्थ थांब असा होता किंवा बोल असा होता. तेवढ्यात बंकट म्हणाला, "बन्सी, उंच हायस, जरा ती शिडी धर." मग म्हणाला, "धरलीसच तर चढ."

तो परत आला तेव्हा चतुराबाई घोडीच्या पायाची पट्टी बदलत होती.

"सांगितलं?"

"पताका बांधल्या."

"किती?"

"समद्या."

तिने पट्टीची गाठ आवळली. घोडीने पाय उचलला आणि परत टेकवला.

मिरवणुकीच्या सकाळी ऊन लवकर तापलं. फाटकाशी गुलालाची पोती आली. हलगीवाले हलग्या तापवत बसले. सुंदररावांनी भगवा फेटा बांधला होता. त्यांचं वजन बैठकीतून कळायचं नाही, पण उन्हात उभे राहिले की कळायचं. बन्सी घोडी घेऊन आला. तिच्या पायाला नवी पट्टी होती. ती बसेल का, उठेल का, खाली आली तर कुठल्या बाजूला येईल, एवढंच बन्सीच्या डोक्यात चाललं होतं.

बंकटने हापिसातली प्लास्टिकची खुर्ची आणून घोडीशेजारी ठेवली. सुंदररावांनी खुर्चीवर पाय दिला. खुर्ची वाकली.

तेव्हा चतुराबाई पुढे आली आणि तिने घोडीच्या पाठीवर हात ठेवला.

"चेअरमन, बसा. आमी न्हाई म्हणत न्हाई. आदी एक बोलून घेऊ."

"आता काय?"

"डॉक्टर म्हणलेत वजनानं पाय जाईल. गेला तर घोडी पडंल. पडली अन् मेली, तर तिला नाल्यापतुर वढायचं तुमी."

"म्हंजी? जेसीबी लावीन की."

"जेसीबी न्हाई. बंकटभाऊ बी न्हाई. तुमी. दोर तुमच्या हातात. आमच्या सासऱ्याचा बाप वढायचा तसं." ती शांतपणे बोलत होती, जणू उसन्या पिठाचं ठरवत होती. "व्हय म्हणा अन् बसा. एवढी मानसं हायत, समक्ष होऊन जाईल."

हलग्या तापवणारे थांबले. सुंदररावांचा एक पाय खुर्चीवर आणि एक मातीत होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. नेहमी अशा वेळी कुणीतरी 'ए बाई, गप' म्हणायला पुढे यायचं. आज सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या हातात अंगठ्या होत्या. दोर धरल्यावर तो कसा दिसेल, हे प्रत्येकजण आपापल्या मनात बघून घेत होता.

"बाई, असं कुठं असतंय का?"

"घोडी मरणारच न्हाई म्हणता ना तुमी? मग व्हय म्हणायला काय जातंय?"

"म्हणा की, चेअरमन," छबुबाई मागून म्हणाली. "नाला काय लांब न्हाई."

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग बऱ्याच जणांना खोकला आला.

सुंदररावांनी पाय खाली घेतला. फेटा सारखा केला. "घोडी बारीक हाय," ते बंकटला म्हणाले. "मला शोभायची न्हाई. ट्रॅक्टर काढ." आणि बन्सीजवळून जाताना, ओठ न हलवता: "सांजच्याला ही छावणीत दिसली न्हाई पायजे."

"न्हाई दिसणार," चतुराबाई म्हणाली.

बन्सीने दोरी आवळून धरली. "आता हिला खायला काय घालायचं?"

"बैलं टाकत्यात ते. मी डोक्यावर नेत जाईन घरी. पायी."

ट्रॅक्टर सुरू झाला. गुलाल उडाला. आणि हलगी कडाडली.

घोडीने मान वर केली. इतके दिवस ती कधी अशी उभी राहिली नव्हती. कान पुढे, शेपूट उचललेली. वरातीच्या घोडीला हलगी म्हणजे काय, हे छावणीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने पुढचा पाय उचलून तालात टेकवला. मग दुसरा. मग ती निघाली.

"ए, थांब," बन्सी म्हणाला. "ए बाई."

घोडी थांबली नाही. दोरी ताठ झाली. बन्सीने दोन्ही टाचा मातीत रोवल्या; टाचांनी मातीत दोन रेघा काढल्या. त्याची एक चप्पल मागे राहिली. तो फाटकातून बाहेर गेला, हात जोडलेल्या सुंदररावांच्या आणि लहान गायीच्या खालून, मागे झुकलेला, दोरीला लटकलेला.

"सोड की बे दोरी," बंकट ओरडला.

"सोडली तर पळंल. तिला पळायचं न्हाई."

चतुराबाई पदर खोचून मागे धावत होती. तिचं लक्ष नवऱ्याकडे नव्हतं. ती वाकून त्या एका खुराकडे बघत होती. तो टेकत होता, उचलत होता, आणि सगळाच्या सगळा परत टेकत होता.

सडकेच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. चेअरमनच्या ट्रॅक्टरकडे फारसं कुणी पाहिलं नाही. सगळे मागे बघत होते, जिथे गुलालातून, भर उन्हात, एक घोडी आश्रुबाच्या नातवाला ओढत नेत होती.